मनगटापर्यंत न पोचणारे ठोके

जयमालाच्या डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, बांगडी फुटून झालेला एक लहान पांढरट व्रण होता. नाडी पाहताना माझं मधलं बोट बरोबर त्या व्रणाच्या कडेला टेकायचं. त्या दुपारी प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी त्या बोटाखाली एक ठोका आला, दुसरा आला, तिसरा आला, आणि चौथ्याच्या जागी काहीच आलं नाही. त्यानंतरचा आला तो जरा जोरात, उशीर झालेल्या माणसाने दार ढकलावं तसा.

"झालं का, मास्तरीण?" जयमाला म्हणाली. "का हात काढूनच ठेवून घेतीस?"

"बोलू नकोस. बोललीस की बदलतं."

"मी नाही बोललो तर काय ही बेडकं बोलणार?" तिने बरण्यांकडे हनुवटीने दाखवलं. आमच्या कोल्हापूरकडच्या मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'मी बोललो', 'मी आलो' असंच म्हणायची. मी पोतदार मास्तरांची मुलगी, घरात शुद्ध बोलण्याची सक्ती. म्हणून मी मास्तरीण.

आमचं कॉलेज साखर कारखान्याच्या मागे होतं. एक दगडी इमारत, एक मैदान, मुलींचं बैठं वसतिगृह. हंगामात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी बसायची आणि सगळ्या आवारात मळीचा वास असायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्राणिशास्त्र घेऊन. जयमाला चौगुले बी.ए.ला. आम्ही एका खोलीत राहायचो आणि व्हॉलीबॉलच्या एकाच संघात खेळायचो. मी लिफ्टर. मागून आलेला चेंडू नेटच्या कडेला, उंच आणि अलगद ठेवून द्यायचा, एवढंच माझं काम. ती स्मॅशर. तो चेंडू हवेत असताना ती कुठूनतरी पळत यायची आणि पलीकडच्या मुली डोकं खाली घालायच्या.

माझ्या वेळेवरून आठल्ये मॅडम आणि बिरनाळे सर यांच्यात दोन वर्षं ओढाताण चालली होती. मॅडम प्राणिशास्त्राच्या, सर जिमखान्याचे. प्रॅक्टिकल लांबलं की सर प्रयोगशाळेच्या खिडकीखाली येऊन शिट्टी वाजवायचे आणि मॅडम खिडकी लावून घ्यायच्या. शेवटच्या वर्षी तोडगा निघाला तो माझ्या प्रोजेक्टच्या रूपाने. व्यायामानंतर खेळाडू मुलींची नाडी किती वेळात मूळ पदावर येते, हा विषय. मॅडमना प्रोजेक्ट मिळाला, सरांना मी.

सरांची नाडीची स्वतःची एक पद्धत होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. सराव संपला की जोड्या करून मातीत बसायचं, एकमेकींचं मनगट धरायचं, एका शिट्टीला मोजायला लागायचं, दुसऱ्या शिट्टीला थांबायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. ज्या मुलीचा आकडा सगळ्यांत कमी, ती सगळ्यांत दमदार. तो नेहमी जयमालाचाच असायचा. "हत्तीचं काळीज आहे पोरीचं," सर म्हणायचे. मुली तिला हत्तीणच म्हणू लागल्या होत्या.

प्रोजेक्टला स्टेथोस्कोपची गरज नव्हती. मी तो कपाटातून काढला तो चुकलेल्या ठोक्याच्या त्या रिकाम्या जागेसाठी.

"गार आहे गं," जयमाला अंग चोरून म्हणाली.

"गप्प."

कानात तिचं हृदय होतं आणि बोटाखाली तिचं मनगट. दोन्हीकडचे ठोके बरोबरीने चालले होते. मग बोटाखालचा ठोका चुकला, पण कानातला चुकला नाही. तो आला होता, वेळेच्या आधी, घाईत, तोकडा. पुन्हा तसंच झालं. हृदय एकदाही थांबत नव्हतं. काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते. आणि ठोक्यांच्या मधल्या जागेत, जिथे शांतता असायला हवी, तिथे काहीतरी जड सामान फरशीवरून ओढत न्यावं असा एक बारीक आवाज होता.

मी स्टेथोस्कोप स्वतःला लावला. माझा कान आणि माझं बोट एकच गोष्ट सांगत होते.

"काय ऐकलंस?" तिने विचारलं.

"काही नाही. यंत्र जुनं आहे."

"बघ, आणि आम्ही म्हणतो शास्त्र शास्त्र." ती ओढणी सारखी करत उठली. दारात थांबून बुटाची नाडी बांधायला वाकली. मैदानावरही ती सारखी नाडी बांधायला बसायची. आम्ही तिला नवीन नाड्या आणून देऊ म्हणून चिडवायचो.

ती गेल्यावर मी आठल्ये मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, सब्जेक्ट चारची छातीवरची मोजणी आणि मनगटावरची मोजणी जुळत नाही."

त्यांनी तपासत असलेल्या वह्यांतून मान वर केली नाही. "पुन्हा घे."

"घेतली. पुन्हापुन्हा घेतली. मनगटावर कमीच येते."

"स्वतःवर घेतलीस?"

"माझी जुळते."

आता त्यांनी चष्मा काढला. "सब्जेक्ट चारला काही नाव आहे की नाही, पोतदार?"

"तिला विचारून सांगते."

"विचार. आणि तिला आजच्या आज डॉक्टरकडे ने. प्रोजेक्ट राहू दे बाजूला."

"उद्या विभागीय सामने आहेत, मॅडम."

"मी तुला काय सांगितलं?"

संध्याकाळी सराव झाला. उद्या सामना म्हणून सरांनी हलका घेतला. शेवटी आम्ही मातीत बसलो. जयमालाने सवयीने हात माझ्या मांडीवर टाकला आणि नसीम मुल्लाशी बोलत राहिली. नसीम आमची दुसरी स्मॅशर, अंगाने बारीक, पण चलाख. शिट्टी झाली. मी मोजलं. जे पोचत होते तेच मोजायचे होते. दुसरी शिट्टी झाली आणि मी आकडा ओरडले.

"बघा गं, बघा," सर म्हणाले. "शिका काहीतरी. असं काळीज लागतं."

"सर, हत्तिणीला केळी द्या," नसीम म्हणाली आणि सगळ्या हसल्या. जयमालाही हसली. तिचं हसणं संपायला नेहमीपेक्षा जास्त श्वास लागला, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. कदाचित ते आधीपासून तसंच असेल.

वसतिगृहाच्या मागे नळाखाली ती गुडघ्याला बांधायचे पट्टे धूत होती. मी मधल्या वेळात ग्रंथालयात जाऊन आले होते; लहानपणचा सांधे सुजवणारा ताप हृदयाची झडप खराब करून जातो, एवढं तिथे सापडलं होतं.

"जयमाला, लहानपणी तुला ताप आला होता का? सांधे सुजलेले?"

तिने नळ बंद केला. "कोण बोललं?"

"कुणी नाही."

"सातवीत. गुडघं एवढालं झालेलं. आईनं दोन महिनं उचलून फिरवलं मला." तिने पट्टा पिळला. "मग दर महिन्याला इंजेक्शन. कमरेत. घेतलं की दोन दिवस पाय ओढत चालायचं."

"आता घेतेस?"

"इथं आल्यापासनं बंद. इंजेक्शन घेतल्यावर उडी बसत नाही गं. तू पण बघितलंस की, पहिल्या वर्षाला सर मला म्हशीसारखी चालतीस म्हणायचे. तेव्हा सोडलं. उडी बसायला लागली."

"आणि माझी उशी? रोज माझी पण उशी घेऊन दोन उश्यांवर झोपतेस. आडवं झालं की दम लागतो, म्हणूनच ना?"

तिने पिळलेला पट्टा बाजूला ठेवला. मग हात पुसत माझ्यासमोर येऊन दगडावर बसली.

"हेमा, ऐक. उद्या निवड समितीची माणसं येणार. विद्यापीठाच्या संघात मी आलो, आंतरविद्यापीठ खेळलो, की पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागेतनं अर्ज भरता येतो. नाहीतर मे महिन्यात अक्षता. आप्पांनी बघून ठेवलंय. नात्यातलाच आहे, पानाची गादी हाय त्याची. तू सरांना सांगितलंस की सर आप्पांना कळवणार, आणि आप्पा दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक उचलायला येणार."

"आणि उद्या मैदानावर काही झालं तर?"

"आजपर्यंत काय झालं का?"

"आजपर्यंत झालं नाही, हा पुरावा नसतो."

"तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव. सामने होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो. मिरजेला म्हणालीस तर मिरजेला. तोवर तू काय ऐकलं नाहीस. शपथ घे म्हणत नाही. नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिने तो होकार धरला, कारण माझं गप्प राहणं म्हणजे हो, हे तीन वर्षांत आमच्यात ठरून गेलं होतं. ती उठली आणि ओले पट्टे दोरीवर टाकायला गेली. नंतर खोलीत तिने माझी उशी मागितली नाही. मी ती आपणहून तिच्या खाटेवर ठेवली.

सामने विद्यापीठाच्या गावी होते. मैदानाच्या एका बाजूला कापडी मांडवात तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर निवड समितीची माणसं बसली होती. एकाच्या मांडीवर कागद होते. रात्रभर मी जी वाक्यं जुळवली होती ती एसटीतून उतरेपर्यंत सगळी मोडली होती. सर आम्हांला उभं करून म्हणाले, "पोतदार, आज जास्त डोकं चालवायचं नाही. चेंडू चौगुलेला. बास."

पहिली चांगली पास आली. चेंडू माझ्या डोक्यावर आला, आणि डाव्या कोपऱ्यातून जयमालाची धाव सुरू झाली. ती पावलं मला न बघता कळायची. मी हात वर केले आणि चेंडू मागे, नसीमकडे टाकला.

मी ते ठरवलं नव्हतं. पण दुसरी पास आली तेव्हा मी पुन्हा तेच केलं, आणि तेव्हा मला कळत होतं.

सुरुवातीला गुण मिळाले. समोरच्या मुली जयमालाला अडवायला तिच्यासमोर गोळा व्हायच्या आणि नसीम मोकळी सुटायची. सरांना वाटलं, मी युक्ती केली. "शाब्बास, पोतदार," ते बाहेरून म्हणाले. मग समोरच्यांच्या लक्षात आलं. नसीमसमोर दोघी उभ्या राहू लागल्या, तिचे चेंडू अडून आमच्याच पायांत पडू लागले. पहिला गेम गेला.

बाजू बदलताना जयमाला माझ्या शेजारून चालत होती.

"काय चाललंय?"

"पास नीट येत नाहीत."

"पास नीट येत्यात. तू चेंडू चोरतीस." तिने घाम पुसला. "तो मांडवातला माणूस दोनदा जांभई देऊन बसला. त्याच्या कागदावर माझा नंबरसुद्धा नाही."

मी वाकून गुडघ्याचा पट्टा वर ओढला.

"हेमा. एक दे."

दुसऱ्या गेमच्या सुरुवातीलाच मी तिला एक दिला. उंच, नेटपासून हातभर आत, तिला आवडायचा तसा. ती उडाली. मी इतकी वर्षं तिच्या उड्या बघितल्या होत्या, पण त्या दिवशी वर ती क्षणभर राहिली असं मला वाटलं. चेंडू समोरच्या मातीत आपटून कुंपणापर्यंत गेला. मांडवातला माणूस पुढे वाकला आणि त्याने काहीतरी लिहिलं. मैदानाबाहेरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

जयमाला खाली उतरली आणि बुटाची नाडी बांधायला बसली. नाडी सुटलेली नव्हती. दोन्ही पदर घट्ट बांधलेले होते, आणि तिची बोटं नुसती त्या गाठीवर ठेवलेली होती. मानेवरची शीर उडत होती. तिचे ओठ, नसीमने नंतर कधीतरी सांगितलं, जांभळासारखे झाले होते. मला ते दिसले नव्हते. मी तिच्या मानेकडेच बघत होते.

रेफरीने विचारलं, "काय झालं?"

"नाडी सर, नाडी," ती खालूनच म्हणाली, आणि हसून उठली.

पुढचा चेंडू मी नसीमला दिला. त्याच्या पुढचाही. तिसरा देताना नसीमच माझ्यावर ओरडली, "अगं, मी मेले इथं, तिकडं दे की."

तेव्हा जयमाला माझ्याजवळ आली. सर्व्हिस समोरच्यांची होती, थोडा वेळ होता. तिने माझा खांदा धरला. बाहेरून बघणाऱ्याला ती मला धीर देते आहे असंच वाटलं असेल.

"सांगायचं असंल तर तोंडानं सांग," ती हळू म्हणाली. "असं हातानं सांगू नको."

"जयमाला..."

"हातानं सांगितलंस तर मी वाईट खेळाडू ठरतो. लोकं म्हणतील, चौगुलेला लिफ्टर चेंडूसुद्धा देत नाही. तोंडानं सांगितलंस तर मी आजारी. आजारी चालेल मला." ती जागेवर परत जायला वळली, आणि वळून परत म्हणाली, "नाहीतर चेंडू दे. दोन्हीतलं एक कर. माझ्या नावाची माती नको करू."

सर्व्हिस आली आणि आमच्यातल्या कुणीच ती उचलली नाही. सरांनी हाताने खूण करून वेळ मागितली.

पुढचं इथेच सांगते, कारण नंतर सांगण्यासारखं काही उरत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप अरुंद झाली आहे, ती उघडता येईल, तोवर गोळ्या आणि इंजेक्शनं चुकवायची नाहीत. आप्पा म्हणाले, आधी लग्न. छातीला सुरी लावलेली पोरगी कोण करून घेणार? मे महिन्यात अक्षता पडल्या. मी गेले होते. सासरच्यांना काही सांगितलं नव्हतं, म्हणून सासरी गोळ्या नव्हत्या आणि इंजेक्शनही नव्हतं. मी एम.एस्सी.ला असताना नसीम मला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये भेटली. जयमालाला सातवा महिना होता, ती म्हणाली. शेवटी शेवटी आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसूनच झोपायची. दवाखान्यात पोचेपर्यंत राहिली नाही. नसीमने चहा ढवळला आणि थोड्या वेळाने माझं जर्नल पूर्ण झालं का, असं विचारलं.

मी आता शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रत्येक प्रयोगाला जोडीला दुसरा प्रयोग लागतो, ज्यात तेवढी एकच गोष्ट केलेली नसते. त्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मी पहिल्याच तासाला सांगते. त्या मैदानावर गप्प राहिलेली दुसरी हेमलता पोतदार कुठेही नाही, त्यामुळे मला निष्कर्ष काढता येत नाही. पण मुलं गेल्यावर, मी उपकरणं कपाटात ठेवत असताना, ती कधीकधी असते. ती माझ्याच वयाची झालेली असते. काही बोलत नाही. तिच्या शेजारी जयमाला उभी असते, खाकी कपड्यांत, कमरेला पट्टा, केस कानामागे घट्ट बांधलेले, अंगाने थोडी सुटलेली. दोघी कसल्यातरी गोष्टीवरून हसत असतात. मी दिवा बंद करते आणि मागे न बघता बाहेर पडते. आणि काही दिवस असे असतात की ती दुसरी हेमलता एकटीच आलेली असते, अंगात मैदानावरचे मातीचे कपडे, आणि तिचे हात अजून वर असतात, नुकताच चेंडू सोडलेला असावा तसे. त्या दिवशी मी दिवा तसाच ठेवून जाते.

सरांनी वेळ मागितली तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. आम्ही त्यांच्याभोवती गोल उभ्या राहिलो. नसीम बाटलीतून पाणी पीत होती. कुणीतरी टॉवेल पुढे केला.

"पोतदार, झोपलीस काय?" सर म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "ती पोरगी कोपऱ्यात उभी राहून राहून सुकली. समिती कुणाला बघायला बसली आहे तिथे? तुला बघायला? एक चेंडू दिलास, बघितलंस ना काय केलं तिने? मग? भांडण झालं का काय तुमचं?"

"नाही, सर."

"मग बोल की."

जयमाला माझ्या बरोबर समोर होती. तिने कमरेवर हात ठेवले होते आणि तोंडाने श्वास घेत होती. ती डोळ्यांनी नको म्हणत नव्हती. हो म्हणूनही सांगत नव्हती. मी काय करते ते बघत होती, तिच्याकडे चेंडू येणार की नाही हे बघावं तसं. रेफरीने घड्याळाकडे पाहिलं. मांडवातला माणूस, ज्याने तिचा नंबर लिहिला होता, तो शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता आणि आमच्याकडे बोट दाखवत होता.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला; मांडवापर्यंत गेला असावा. "जयमाला आमच्यातली सगळ्यांत चांगली खेळाडू आहे. मी तिला मुद्दाम चेंडू देत नव्हते. तिचं हृदय आजारी आहे. तिला खेळवू नका."